नऊ दोरे

वीटभट्टीवर तिला सगळे हजारी म्हणत. तरुणपणी तिने एका दिवसात हजार विटा थापल्या होत्या, तेव्हापासूनचं हे नाव. हजारच होत्या की आठशे होत्या, हे आता कोणी छातीठोकपणे सांगू शकलं नसतं, कारण मोजणारा मुकादम कधीच वारला होता. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. नवरासुद्धा चारचौघांत "आमची हजारी" म्हणायचा आणि घरात आल्यावर "अगं" म्हणायचा.

त्या हातांनी आता वर्षभरात एकही वीट थापली नव्हती. शुगरने आधी पाय धरले. पायाची बोटं जागच्या जागी होती, पण ती आपली आहेत असं तिला वाटेनासं झालं. चालताना चप्पल निसटून मागे राहायची आणि तिला पत्ता नसायचा. दहा पावलं पुढे गेल्यावर मागून कोणीतरी ओरडायचं, "हजारी, तुझी चप्पल रुसली बघ!" लोक हसायचे, तीही हसायची. मग तिने चपलेला मागून नाडी शिवून घेतली आणि तो विषय संपवला.

पायाचं सगळ्यांना माहीत होतं. हाताचं कोणालाच माहीत नव्हतं. थंडी संपता संपता बोटांची टोकं बधिर झाली, मग पेरं गेली, मग तळवे. पाणी गरम आहे की गार, हे तिला मनगटापर्यंत कळत नसे. नातीच्या अंघोळीचं पाणी ती कोपर बुडवून बघायची. सुनेला वाटायचं, जुन्या बायकांची ही पद्धतच असेल. सूनही मग कोपर बुडवायला लागली. हजारीने ते पाहिलं आणि गप्प बसली.

गप्प बसण्याला कारण होतं. नात चार महिन्यांची झाली होती. यंदा आभाळ लवकर भरून यायला लागलं होतं आणि भट्टीवर पन्नास हजार कच्च्या विटा उघड्यावर पडल्या होत्या. मालकाने निरोप धाडला होता, घरटी जेवढे हात असतील तेवढे सोमवारपासून कामावर पाहिजेत. म्हणजे नवरा, मुलगा आणि सून. नातीला सांभाळायला घरात राहणार होती ती एकटी हजारी. आजवर घरात बसून खाते म्हणून तिला कोणी बोललं नव्हतं, पण न बोललेलंही ऐकू येतंच. आता तिच्यावाचून घराचं अडणार होतं. तिला ते फार हवं होतं.

त्याआधीच्या आठवड्यात ती नवऱ्याबरोबर दवाखान्यात गेली होती. नर्सने तिला बाकावर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनच्या जाड दोऱ्याचं टोक तळपायाला टेकवत विचारू लागली, "आता कळलं? आता?" हजारीने पापण्या किलकिल्या ठेवल्या होत्या. नर्सचा हात खाली गेला की ती "हं" म्हणायची.

"मावशी, डोळे मिटा म्हटलं ना."

"मिटलेत की."

"मग मी हात लावायच्या आधीच कसं कळलं तुम्हाला?"

हजारीला शाळेत कॉपी करताना पकडल्यासारखं झालं. नर्स हसली नाही. तिने कागदावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "हातांचं काय? बोटांत मुंग्या? वस्तू निसटतात?"

"हात एकदम ठणठणीत," हजारी म्हणाली. "गोधडी शिवतेय नातीसाठी. हात नसते तर शिवली असती का?"

नर्सने मान डोलावली. बाहेर नवरा विडी विझवून उभा होता. "काय म्हणाली?"

"गोड खाऊ नको म्हणाली."

"एवढ्यासाठी तास घालवला? हे तर मी फुकट सांगतो रोज."

गोधडीचं मात्र ती खोटं बोलली नव्हती. शिवणं हा तिचा एकमेव शौक. भट्टीवरच्या प्रत्येक पोराच्या अंगाखाली तिची गोधडी गेली होती. बाया जुने कपडे आणून द्यायच्या आणि ती दुपारच्या सुट्टीत चिखलाचे हात धुऊन सुई धरायची. थापलेल्या विटा उन्हात फुटून जातात, भाजलेल्या दुसऱ्यांच्या घरात जातात. गोधडी तेवढी डोळ्यांसमोर वापरली जाते, असं ती म्हणायची. टाका तांदळाएवढा, दोन टाक्यांत अंतर तांदळाएवढं. आता टाके गव्हाएवढे पडत होते. कोणी बोललं नव्हतं, पण तिला दिसत होतं.

दिसतही तसं कमीच होतं. सुईत दोरा ओवणं तिला जमेनासं झालं होतं, म्हणून सून रोज सकाळी तिला नऊ सुया ओवून द्यायची. गोणपाटाची मुठीएवढी उशी होती, आत लाकडाचा भुसा भरलेला. त्यात नऊ सुया खोचलेल्या आणि नऊ लांब दोरे खाली लोंबत. एकेका सुईचा दोरा संपला की ती सुई परत खोचून हजारी दुसरी घ्यायची. टाके संपल्यावर दोऱ्याचं बोटभर शेपूट ती सुईला मुद्दाम ठेवायची, आणि संध्याकाळी उशी डोळ्यांपुढे धरून शेपटं मोजायची. सुया बारीक, दिसत नाहीत; दोरे लाल, दिसतात. लहान पोरांच्या कामात एक सुई इकडची तिकडे झाली तर काय होतं, हे तिला आईने लहानपणीच बजावून ठेवलं होतं. नऊ शेपटं, नऊ सुया. त्याशिवाय ती उठायची नाही.

गोधडीत तिने घरातलं प्रत्येकाचं काहीतरी घातलं होतं. मुलाचा लहानपणचा निळा शर्ट, सुनेची फुलाफुलांची ओढणी, स्वतःचा जुना झगा, आणि मधोमध नवऱ्याच्या खाकी पँटचा गुडघा. ती पँट त्याने नऊ हंगाम भट्टीवर वापरली होती. गुडघ्याला आधीच दोन ठिगळं होती.

"ते कशाला घालतेस?" नवरा म्हणाला होता. "पोरीला माझे गुडघे टोचतील."

"तुमचे गुडघे टोचण्याच्या लायकीचे राहिलेत का?" ती म्हणाली. सून तोंड फिरवून हसली.

शनिवारी दुपारी ती त्या खाकी तुकड्यापाशी पोहोचली. कापडाचे पाच थर झाले होते. सुई आत जाईना. पूर्वी तिने बोटांनीच अंदाज घेतला असता, सुई किती वाकतेय ते बोटांना आधी कळतं. आता तिने अंगुस्तान घातलेला अंगठा सुईच्या मागे लावला आणि अंगाचा भार देऊन दाबला. सुई गेली, अडकली, आणि मग एकदम मोकळी झाली. तिने मागे ओढली तर दोऱ्यासकट हातात आली. बोथट झाली असेल, असं म्हणून तिने ती उशीत खोचली आणि दुसरी घेतली. दुसरी थोड्या बाजूने गेली. संध्याकाळी तिने शेवटची गाठ मारून दोरा दातांनी तोडला आणि शेपटं मोजली. नऊ भरली. मग तिने पुरी झालेली गोधडी मांडीवर पसरली.

रविवार सुट्टीचा होता. खोलीच्या दारातून ऊन आत आलं होतं. सुनेने बाजेवर गोधडी अंथरली आणि नातीला तिच्यावर उताणी ठेवली. नवरा बाजेच्या कडेला बसला, मुलगा भिंतीला टेकून चहा पीत होता.

"बघा, खाकीवर बरोबर बसली," नवरा म्हणाला. "शेवटी आजोबांच्याच गुडघ्यावर."

नातीने पाय झाडले. हात हवेत हलवले, हसली. मग तिचा चेहरा एकदम आकसला. ती किंचाळली, डावा खांदा उचलला, कंबर वळली, आणि कोणाला कळायच्या आत ती पालथी पडली. मान वर, डोळे मोठे, खाली निळा शर्ट आणि फुलांची ओढणी.

 नवऱ्याने मांडीवर थाप मारली. "पालथी पडली! अगं, पालथी पडली!" मुलाच्या हातातला चहा शर्टावर सांडला. सुनेने दोन्ही हात तोंडावर ठेवले होते. नात जोरजोरात रडत होती, पण त्या गोंधळात तिच्या रडण्याकडे कोण बघतो? "घाबरली बिचारी, जग उलटं दिसलं तिला," नवरा म्हणाला. सुनेने तिला उचलून पदराआड घेतलं तशी ती हळूहळू शांत झाली.

हजारीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला इतका आनंद झाला होता की तो लपवावा असंही वाटलं नाही. आपल्या गोधडीवर पोरगी पहिल्यांदा वळली. आता हात गेले तरी चालतील, असं तिच्या मनात आलं. नवरा चप्पल न घालताच बाहेर पडला आणि जेवायच्या आत भट्टीवरच्या सगळ्या घरांना बातमी पोहोचली. गोधडी त्याने स्वतः घडी करून पेटीवर ठेवली, कोणी हात लावू नये म्हणून.

सोमवारी उजाडताच घरात घाई उडाली. नवरा आणि मुलगा पुढे गेले. सुनेने भाकरी बांधल्या, नातीला पाजलं, बाजेवर गोधडी घातली, तिच्यावर कडेला नातीला ठेवलं आणि सुया ओवायला उशी घेऊन दारात बसली. भट्टीवरच्या एका बाळंतिणीने गोधडी मागितली होती आणि हजारीला आजच सुरुवात करायची होती.

"आई, ही सुई मोडकी आहे."

"कोणती?"

"ही बघा. नुसतं नेढं आणि अर्धी दांडी. टोकच नाही." सुनेने ती उजेडात धरली. लाल शेपूट तसंच लोंबत होतं. "टोक कुठे गेलं?"

 शनिवार, खाकी, मोकळी झालेली सुई, सगळं एका दमात हजारीसमोर आलं. सून तिच्याकडे बघत होती. भट्टीवरून पहिली हाक आली होती. आता खरं सांगितलं तर ही जाणार नाही, आणि उद्याही जाणार नाही, आणि यापुढे पोरगी आपल्यापाशी ठेवणार नाही, एवढं हजारीला लख्ख कळलं.

"ती होय? परवाच मोडली," ती म्हणाली. "टोक चुलीत टाकलं मी." बोलता बोलता ती उठली आणि नातीला बाजेवरून उचलून तिने छातीशी धरलं.

"मग टाकून देऊ ही?"

"दे टाकून. तू नीघ आता, उशीर होतोय."

सून निघाली. तिची पावलं वळणाआड गेल्यावर हजारीने नातीला सतरंजीवर पालथं ठेवलं आणि तिचं झबलं वर केलं. डाव्या खांद्याच्या खाली एक लाल ठिपका होता आणि त्याच्यापासून निघालेला केसाएवढा ओरखडा, खपली धरलेला. कालची अंघोळ वळण्याआधीच झाली होती, म्हणून तो कोणी पाहिला नव्हता.

ती तशीच खाली बसली. काल पोरगी किंचाळली ती आधी, वळली नंतर. पोरगी वळली नव्हती. वेदनेने निसटली होती. आणि आपण सगळे टाळ्या पिटत होतो. "मेले मी," हजारी मोठ्याने म्हणाली. नातीने तिच्याकडे बघून हसून दाखवलं.

मग तिने गोधडी जमिनीवर पसरली आणि टोक शोधायला सुरुवात केली. आधी डोळ्यांनी. खाकीवर सगळीकडे तिचेच लाल टाके, त्यात काय दिसणार? मग हातांनी. तळवा दाबून ती गोधडीवरून फिरवू लागली, अगदी साच्यात चिखल दाबताना फिरवायची तसा. काही कळेना. कापड मऊ आहे की जाड, हेही कळेना. टोचलं असतं तरी कळलं नसतं, म्हणून दर वेळी तळवा उलटा करून रक्त आलंय का ते ती बघायची. रक्तही येईना. गोधडी उसवायची तर आठवडा लागला असता, आणि उसवताना तुकडा कुठे उडाला तरी दिसला नसता.

कोपराने तिने प्रयत्न केला. कोपराला ऊन-गार कळतं, बारीक गोष्ट कळत नाही. शेवटी ती गुडघ्यांवर बसली, खाली वाकली आणि गोधडीला ओठ लावले. ओठांना सगळं कळत होतं. टाका कळत होता, गाठ कळत होती, ओढणीचं सुळसुळीत सूत आणि झग्याचं विटलेलं कापड कळत होतं. इतक्या दिवसांनी आपलीच शिलाई अंगाला लागतेय, याचं तिला रडू आलं. ती काठापासून सुरू झाली. एक ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे, विटांच्या रांगा लावाव्यात तशी. मधे नात रडली, तिला घेतलं, हलवलं, पुन्हा ठेवलं. कंबर मोडून आली. कापडाला अजून चुलीच्या धुराचा आणि कुठेतरी खोल नवऱ्याच्या घामाचा वास होता.

दुपारच्या सुट्टीत सून नातीला पाजायला आली. दारातच थांबली. सासू गुडघ्यांवर वाकून गोधडीला तोंड लावून बसलेली.

"अगंबाई," सून हसली. "एवढी आवडली का स्वतःचीच गोधडी? मुके घेताय ते!"

त्याच वेळी हजारीचा खालचा ओठ फाटला. ती दचकली नाही. तिने तोंड तिथेच ठेवलं, जागा सुटू नये म्हणून, आणि हाताने सुनेला जवळ बोलावलं. सून वाकली. खाकी गुडघ्याच्या ठिगळातून केसभर पोलाद वर आलं होतं आणि त्याच्याभोवती रक्ताचा थेंब पसरत होता. सुनेने नखांच्या चिमटीत धरून ते बाहेर ओढलं. अर्धी सुई. 

"चुलीत नव्हतं टाकलं," हजारी म्हणाली. "मला माहीतच नव्हतं मोडली ते."

सून नातीपाशी गेली. झबलं वर केलं. ठिपका पाहिला, ओरखडा पाहिला. सुनेच्या पाठीवरून घामाचे ओघळ येत होते, हातांना कोपरापर्यंत सुकलेला चिखल होता, आणि त्या हातांनी ती पोरीला नुसती धरून होती.

"म्हणजे काल..." ती म्हणाली.

"हो."

"आपणहून नाही वळली."

"नाही."

बाहेर कोणीतरी बादली आपटली. सून परत आली आणि सासूसमोर बसली. "आई, डोळे मिटा."

हजारीने मिटले. या वेळी खरंच मिटले.

"आता मी तुमचं कोणतं बोट धरलंय?"

हजारी बराच वेळ थांबली. कुठूनतरी काहीतरी येईल, याची वाट बघितली. "अंगठा?" ती म्हणाली.

"धरलेलंच नाही अजून," सून म्हणाली.  "किती दिवस झाले?"

"थंडीपासून."

"आणि मी तुमच्या भरवशावर हिला..." वाक्य तिने पुरं केलं नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं हजारीला वाटलं. सुनेने ओल्या फडक्याने तिचा ओठ पुसला, पण जरा जोरातच.

त्याच दुपारी सून नातीला दवाखान्यात दाखवून आली. नर्सने जखम धुतली, लशीच्या टोचण्या वेळेवर झाल्यात का ते कार्डावर बघितलं, घाबरायचं कारण नाही म्हणाली, आणि सासूबाईंना हात दाखवायला घेऊन या, असंही म्हणाली. घरी दोघा पुरुषांना सुनेने काही सांगितलं नाही. सासऱ्याने सगळ्या भट्टीला सांगून ठेवलेली गोष्ट परत घ्यायला कोणाची जीभ रेटणार?

मंगळवारपासून नात प्लॅस्टिकच्या क्रेटमधून भट्टीवर जाऊ लागली. कच्च्या विटांच्या रांगेपाशी पत्र्याची सावली होती, तिथे तिला ठेवत. "घरी आजी असताना हे काय?" मुलाने विचारलं. "दर दोन तासांनी प्यायला लागतं तिला," सून म्हणाली. हजारीचा नवरा म्हणाला, "मग गोधडी तरी ने." सून म्हणाली, "धुवायला काढलीय." गोधडी दोरीवर वाळली आणि घडी होऊन पेटीच्या तळाशी गेली. सुयांची उशी फळीवर गेली, हजारीचा हात पोहोचणार नाही इतकी वर. रोज सकाळी दारात बसून दोरा ओवणारी सून आता दारातून सरळ निघून जायची.

दिवसभर घरात हजारी आणि तिचे हात. ती दारात बसून राहायची. वारा फिरला की भट्टीचा धूर थेट पत्र्याच्या सावलीकडे जाताना दिसायचा. संध्याकाळी नात परत यायची ती राखेने भरलेली, खोकणारी. हजारी पाणी तापवून ठेवायची. कोपर बुडवून बघायची. मग सून स्वतःचा कोपर बुडवून बघायची.

आठवड्याने आभाळ पार खाली आलं. विटा बहुतेक भट्टीत चढल्या होत्या. त्या संध्याकाळी पुरुष ताडपत्र्या बांधायला थांबले आणि सून एकटीच लवकर आली. क्रेट खाली ठेवला, नातीला उचललं, आणि हजारीसमोर उभी राहिली. डोळ्यांखाली राखेत घामाच्या रेघा होत्या.

"आज वळली," ती म्हणाली.

हजारीने वर बघितलं.

"आपणहून. तिथे पोतं अंथरलं होतं, त्यावर. मी विटा वाहत होते, बघते तर पालथी. रडली नाही, काही नाही. एकटीच हसत होती."

"आणखी कोणी बघितलं?"

"कोणी नाही. कोणाला सांगणार? त्यांच्या लेखी ती कधीच वळलीय." सून बाजेवर बसली. "म्हटलं, तुम्हाला सांगावं."

"कोणत्या कुशीवरून?"

"उजव्या."

हजारीने ते मनात ठेवून घेतलं. उजव्या. मग तिने मांडी नीट केली, हात बाजूला घेतले, आणि काही मागितलं नाही.  सून पुढे सरकली आणि तिने नातीला सासूच्या मांडीवर ठेवलं. नातीच्या केसांत राख होती. हजारीने वाकून तिच्या टाळूला ओठ लावले. टाळू ऊन होती, घामट होती, तिच्याखाली नाडी उडत होती.

"खरखरीत झालीय राखेने," ती म्हणाली.

"हो ना. अंघोळ घालू आता," सून म्हणाली. पण नातीच्या पाठीखालचा स्वतःचा हात तिने काढून घेतला नाही.